ब्रेक एका चॅनेलचा, माइक सगळ्यांचा

7 ऑगस्ट 2006, कोलंबोचं पी. सारा ओव्हल. दक्षिण आफ्रिका विरुद्ध श्रीलंका, दुसरी कसोटी. हाशिम अमलाने कुमार संगकाराचा झेल घेतला, टेन स्पोर्ट्सचं प्रक्षेपण जाहिरातींवर गेलं आणि समालोचन कक्षात डीन जोन्स म्हणाला, ‘दहशतवाद्याला आणखी एक विकेट मिळाली.’ अमला दाढी राखणारा, धर्म पाळणारा मुसलमान. बिअर कंपनीचा लोगो जर्सीवर नको म्हणणारा. जोन्सचा समज असा, की आपण ऑफ एअर आहोत. भारत-श्रीलंकेतल्या प्रेक्षकांपुरतं ते खरंही होतं. दक्षिण आफ्रिकेत मात्र त्या क्षणी जाहिरात लागलेली नव्हती. तिथल्या घराघरांत ते वाक्य स्पष्ट ऐकू गेलं. त्याच दिवशी टेन स्पोर्ट्सने जोन्सला कामावरून काढलं. त्याने बिनशर्त माफी मागितली आणि मेलबर्नचं विमान पकडलं.

त्याच्या दोन वर्षं आधी मोनॅकोत हेच झालं होतं. 20 एप्रिल 2004, फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना, मोनॅको विरुद्ध चेल्सी. आयटीव्ही या ब्रिटिश चॅनेलचा समालोचक रॉन ॲटकिन्सन सामना संपल्यावर चेल्सीच्या मार्सेल देसायी या कृष्णवर्णीय फ्रेंच खेळाडूबद्दल अत्यंत गलिच्छ वंशवाचक शब्द बोलला. ब्रिटनचं प्रक्षेपण संपलेलं होतं. मध्यपूर्वेतल्या काही देशांत तीच कॉमेंट्री अजून चालू होती. ॲटकिन्सनने राजीनामा दिला, गार्डियनमधला त्याचा स्तंभही गेला.

दोन्ही प्रसंगांत लोक ‘माइक चुकून चालू राहिला’ असं म्हणून मोकळे होतात. माइक चुकून वगैरे चालू राहत नाही. तो चालूच असतो. समालोचकाच्या डोक्यात ब्रेक झालेला असतो, यंत्रणेत झालेला नसतो. हे कसं होतं ते नीट समजून घेतलं, तर शिक्षेबद्दलही नेमकं बोलता येतं.

आंतरराष्ट्रीय सामन्याचं चित्र आणि आवाज एक यजमान निर्मिती पथक तयार करतं. त्याला वर्ल्ड फीड म्हणतात. ते फीड अनेक देशांतली चॅनेल्स विकत घेतात. ओव्हर संपली, विकेट पडली, ड्रिंक्स झाले, की प्रत्येक चॅनेल आपापल्या जाहिराती लावतं. कुणी दहा सेकंद आधी जातं, कुणी उशिरा परततं, कुणाकडे त्या ओव्हरला जाहिरातच विकलेली नसते. ज्याच्याकडे जाहिरात नाही, त्याच्या प्रेक्षकाला मैदानाचं चित्र, प्रेक्षकांचा गलका आणि कक्षातला आवाज, जो उघडा असेल तो, सगळं मिळतं. मोबाइलवरच्या प्रक्षेपणात तर जाहिरात प्रत्येक प्रेक्षकाला वेगळी जोडली जाते. म्हणजे एकाच इमारतीतल्या दोन घरांचे ब्रेकसुद्धा जुळतील याची खात्री नाही. अशा व्यवस्थेत ‘आपण ब्रेकवर आहोत’ या वाक्याला काही अर्थच उरत नाही. कुणाच्या ब्रेकवर, हा प्रश्न राहतोच.

समालोचकासमोर एक छोटी पेटी असते. तिच्यावर साधारण तीन गोष्टी: माइक ऑन-एअर करणारं बटण, खोकल्याचं बटण आणि टॉकबॅकचं बटण. ऑन-एअर बटण एकदा दाबलं की चालू राहतं, लाल दिवा लागतो. खोकल्याचं बटण दाबून धरलं तेवढाच वेळ आवाज कापला जातो, बोट उचललं की पुन्हा लाइव्ह. टॉकबॅक दाबलं की आवाज प्रक्षेपणातून तुटून फक्त प्रोड्युसर किंवा दिग्दर्शकाच्या कानात जातो. आता सवयी कशा पडतात बघा. ब्रेक झाला की ऑन-एअर बटण बंद करायचं, हा नियम. पण दर ओव्हरला बंद-चालू करायचा कंटाळा येतो, शिवाय परत चालू करायला विसरलं तर पहिला चेंडू मुका जातो आणि प्रोड्युसर ओरडतो. म्हणून बरेच जण बटण चालूच ठेवतात आणि साउंड मिक्सरवर बसलेला माणूस फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढेल यावर विसंबतात. तो बहुतेक वेळा ओढतोही. पण त्याच्यासमोर स्टंप माइक, प्रेक्षकांचे माइक, दोन-तीन समालोचक, सीमारेषेवरचा निवेदक असे डझनावारी आवाज असतात, आणि तो यजमान फीडच्या ब्रेकप्रमाणे चालतो, तुमच्या देशाच्या नाही. त्यात वेळ किती? पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांत स्टॉप क्लॉक आलं, दोन ओव्हरमधलं अंतर 60 सेकंदांवर बांधलं गेलं. तेवढ्यात रिप्ले, जाहिरात, परत येणं, सगळं.

सगळ्यात धोक्याची जागा ब्रेकचा शेवट. कानात ‘पाच, चार, तीन’ मोजणी चालू होते, पण साउंडवाला पहिला शब्द कापला जाऊ नये म्हणून माइक जरासा आधी उघडतो. शेजाऱ्याशी चाललेल्या गप्पांचं शेपूट त्या फटीतून बाहेर पडतं. 19 ऑगस्ट 2020 ला सिनसिनाटी रेड्सच्या बेसबॉल सामन्यात समालोचक थॉम ब्रेनमनचं असंच झालं. ब्रेकवरून परतताना समलिंगी लोकांसाठीची एक घाण शिवी त्याच्या तोंडून गेली आणि ती थेट प्रक्षेपित झाली. त्या दिवशी लागोपाठ दोन सामने होते. पहिला सामना संपला, दुसरा सुरू झाला, क्लिप देशभर फिरली, आणि दुसऱ्या सामन्याच्या पाचव्या इनिंगपर्यंत तोच माणूस माइकवर होता! माझ्या मते शब्दाच्या खालोखाल मोठी चूक ही. प्रेक्षक सगळं ऐकून बसलेले आणि कक्षातून जणू काहीच घडलेलं नाही अशी कॉमेंट्री.

मग माफी. ती चालू खेळात मागितली गेली. ब्रेनमन सांगत होता की मी श्रद्धाळू माणूस आहे, आणि त्याच क्षणी निक कॅस्टेलानोसने चेंडू डाव्या बाजूला दूर टोलावला. माफी अर्धवट टाकून त्याने होम रनचं, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकाराचं, वर्णन केलं, धावसंख्या सांगितली आणि पुन्हा माफीकडे वळला. ती क्लिप आजही चेष्टेचा विषय आहे. ज्यांचा अपमान झाला त्यांच्या वाट्याला त्यात काहीच आलं नाही. रेड्सने त्याला निलंबित केलं, फॉक्सने अमेरिकन फुटबॉलच्या कामावरून काढलं, आणि सप्टेंबरअखेर त्याने राजीनामा दिला.

इथे लोक हमखास विचारतात की थेट प्रक्षेपणाला सात सेकंदांचा विलंब का ठेवत नाहीत, अमेरिकन रेडिओच्या टॉक शोला असतो तसा. रेडिओवर श्रोत्याचा फोन कापून पुढे जाता येतं. खेळात आवाज कापला तर चेंडूचं वर्णन जातं, आवाजाबरोबर चित्रही मागे ठेवावं लागतं, आणि त्या सात सेकंदांत निर्णय घेऊन बटण दाबणारा स्वतंत्र माणूस प्रत्येक भाषेच्या फीडवर बसवावा लागतो. तो माणूस त्या भाषेतल्या शिव्या, टोमणे, जातीवरून मारलेले चिमटे जाणणारा हवा. हा खर्च कुणी करत नाही. त्यामुळे विलंबाची गोष्ट सोडा, शिस्त तेवढी हातात आहे: हेडसेट डोक्यावर असेपर्यंत माइक उघडा समजायचा, खासगी बोलायचं तर हेडसेट काढून, खुर्चीवरून उठून, कक्षाबाहेर.

त्यानेही सगळं भागत नाही. जानेवारी 2011 मध्ये स्काय स्पोर्ट्सच्या रिचर्ड कीज आणि अँडी ग्रे यांनी फुटबॉल सामन्यातल्या सहायक पंच सियान मॅसीबद्दल, बाईला ऑफसाइड कळतं का, या थाटाचे शेरे मारले. ते प्रक्षेपित झालेच नाहीत. पण हेडसेटचा आवाज आत रेकॉर्ड होत असतो, आणि ते रेकॉर्डिंग वर्तमानपत्रापर्यंत पोचलं. आधी दोघांना एका सामन्यापुरतं बाजूला ठेवलं होतं. मग ग्रेचं स्टुडिओतल्या सहकारी निवेदिकेशी केलेलं अश्लील बोलणं बाहेर आलं, 25 जानेवारीला त्याची नोकरी गेली, दुसऱ्या दिवशी कीजने राजीनामा दिला. मॅसीने त्या सामन्यात गोलच्या वेळी दिलेला ऑफसाइड नसल्याचा निर्णय बरोबर होता, हे मुद्दाम नोंदवतो.

आता माफी कशी असावी. 15 डिसेंबर 2024, ब्रिस्बेन कसोटी. फॉक्स क्रिकेटवर ईशा गुहाने जसप्रीत बुमराचं कौतुक करताना ‘मोस्ट व्हॅल्युएबल’पुढे ‘प्रायमेट’ हा शब्द वापरला. प्रायमेट म्हणजे माकड-वानरांचा वर्ग. 2008 च्या सिडनी कसोटीत हरभजन-सायमंड्स प्रकरणात याच प्राण्यावरून दौरा मोडायची वेळ आली होती, त्यामुळे ऑस्ट्रेलियात भारतीय खेळाडूबद्दल हा शब्द येणं म्हणजे जुन्या जखमेवर मीठ. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी, ॲडम गिलख्रिस्ट आणि रवी शास्त्री शेजारी उभे असताना, तिने कॅमेऱ्याकडे बघून माफी मागितली. आदल्या दिवशी वापरलेल्या शब्दाचा विषय स्वतःच काढला, शब्दाची निवड चुकली हे मान्य केलं, बुमराबद्दलचा आदर सांगितला, आपणही दक्षिण आशियाई वंशाचे आहोत आणि मनात आकस नव्हता हे त्यानंतर. शास्त्रीने तिथेच तिच्या धैर्याची दाद दिली. ती त्याच कसोटीत पुढे काम करत राहिली, आणि ते योग्य झालं.

ही माफी का चालली? खेळ थांबलेला असताना मागितली गेली, म्हणजे मध्ये होम रन येणार नव्हता. चोवीस तासांच्या आत आली. जिथे वाक्य उच्चारलं त्याच पडद्यावर आली, सोशल मीडियावर चिकटवलेल्या निवेदनातून नाही. आणि ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे ‘तर’ त्यात केंद्रस्थानी नव्हतं. या ‘तर’मुळे निम्म्या माफ्या वाया जातात. ऐकणाऱ्यावरच ओझं टाकल्यासारखं होतं.

आपल्याकडे माफीऐवजी खुलासा देण्याची सवय आहे. 24 सप्टेंबर 2020 ला दुबईत पंजाब आणि बंगळूरूचा आयपीएल सामना होता. विराट कोहलीने के. एल. राहुलचे दोन झेल सोडले. हिंदी कॉमेंट्रीत सुनील गावसकर म्हणाले की लॉकडाउनमध्ये याने फक्त अनुष्काच्या गोलंदाजीवर सराव केलाय. दोघं क्रिकेट खेळतानाचा व्हिडिओ तेव्हा सगळ्यांनी पाहिला होता, संदर्भ तोच. पण अर्धं वाक्य फिरलं, त्याचा भलताच अर्थ लावला गेला. अनुष्का शर्माने जाहीरपणे विचारलं की नवऱ्याच्या खेळाच्या चर्चेत माझं नाव कशाला? गावसकरांनी खुलासा केला की तिला दोष दिला नव्हता, व्हिडिओचा उल्लेख केला होता. मी पूर्ण वाक्य ऐकलं आहे, त्यात अश्लील काही नव्हतं. तरीही तिचा प्रश्न बिनतोड होता, आणि त्याला खुलाशाने उत्तर मिळत नाही. गावसकर आपल्याला घरच्यासारखे, मुंबईच्या मैदानांपासूनचे आपले. म्हणूनच त्यांनी ‘तिचं नाव घ्यायला नको होतं’ एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. दिनेश कार्तिकने 2021 मध्ये स्कायवर बॅटची तुलना शेजाऱ्याच्या बायकोशी केली, तेव्हा पुढच्याच सामन्यात ऑन एअर माफी मागितली, घरी आईने आणि बायकोने फैलावर घेतलं हेही सांगितलं, आणि प्रकरण मिटलं.

घाईची शिक्षाही तितकीच वाईट. जानेवारी 2017, ऑस्ट्रेलियन ओपन. इएसपीएनचा टेनिस समालोचक डग ॲडलर व्हीनस विल्यम्सच्या पुढे झेपावण्याचं वर्णन करताना एक शब्द बोलला. इंग्रजीत गनिमी हल्ल्याचा शब्द आणि गोरिला हे दोन्ही कानाला सारखेच लागतात. ॲडलरचं म्हणणं, मी गनिमी म्हणालो. टेनिसमध्ये त्याला आधार आहे. 1995 मध्ये आगासी-सॅम्प्रसची भर रस्त्यात जाळी लावून खेळण्याची नायकेची जाहिरात याच शब्दाची होती. पण समाजमाध्यमांवर गदारोळ झाला, त्याला माफी मागायला लावली आणि लगेच स्पर्धेतून बाहेर काढलं. त्याने चॅनेलवर दावा लावला, पुढे तडजोड झाली. माणसाच्या वर्षानुवर्षांच्या कारकिर्दीला मात्र मोठा धक्का बसला.

म्हणून क्रम पाळावा लागतो. तक्रार आली की आधी त्या समालोचकाला पुढच्या सत्रातून बाजूला घ्यायचं, ‘चौकशी चालू आहे’ एवढंच जाहीर करायचं. मग मूळ रेकॉर्डिंग ऐकायचं, सोशल मीडियावरची दहा सेकंदांची क्लिप नाही. आधीची-नंतरची दोन-दोन मिनिटं धरून. त्याच्या एकट्याच्या माइकचा वेगळा ट्रॅक असेल तर तोच काढायचा, कारण मिश्र आवाजात प्रेक्षकांच्या गोंगाटाखाली अक्षरं बुडतात. शेजारच्या समालोचकाला विचारायचं. त्या भाषेचा जाणकार बसवायचा. हे सगळं एका दिवसात होतं. त्यानंतर शब्द कुणाला उद्देशून होता, नकळत निसटला की माणूस एरवी असाच बोलतो, आणि आधी असं काही झालंय का, यावर ठरवायचं. ॲटकिन्सनच्या शब्दाला कामावरून काढण्याखेरीज दुसरी शिक्षा असूच शकत नव्हती. बेसबॉल समालोचक जॅक मॉरिसने ऑगस्ट 2021 मध्ये जपानी खेळाडू शोहेई ओतानीबद्दल बोलताना आशियाई उच्चारांची नक्कल केली, तेव्हा डेट्रॉइटच्या चॅनेलने त्याला बेमुदत निलंबित करून प्रशिक्षणाला पाठवलं आणि काही आठवड्यांनी परत घेतलं. हेही समंजसपणाचंच.

शेजारी बसलेल्याचं काय? पॅरिस ऑलिंपिकमध्ये जुलै 2024 ला युरोस्पोर्टचा बॉब बॅलार्ड ऑस्ट्रेलियाच्या रिले जिंकलेल्या जलतरणपटू तलावाजवळून निघताना म्हणाला, बायकांचं ठाऊकच आहे, मेकअप करत रेंगाळतात. सहसमालोचक लिझी सिमंड्सने हसत का होईना, तिथल्या तिथे ‘हे भलतंच’ म्हणून त्याला टोकलं. चॅनेलने बॅलार्डला लगेच पॅनेलवरून उतरवलं. सहकारी गप्प राहिला तर ते वाक्य संपूर्ण कक्षाचं होऊन बसतं. इतकं पुरतं: ‘हे मला पटलं नाही, आपण पुढे जाऊ.’ चार सेकंद.

भारतात मात्र खरी मेख वेगळीच आहे. आपल्या घरच्या मालिकांचं आणि आयपीएलचं वर्ल्ड फीड बीसीसीआय स्वतः तयार करतं, म्हणून त्या इंग्रजी फीडवरच्या समालोचकांची निवड आणि करार बोर्डाच्या हातात. हिंदी, मराठी, तमिळ वगैरे फीडचे समालोचक चॅनेल नेमतं. करार मालिकेपुरते. काढून टाकायची गरजच पडत नाही, पुढच्या वेळी फोन येत नाही. 2016 च्या आयपीएलआधी हर्षा भोगलेला अचानक बाहेर ठेवलं, कारण त्यालाही सांगितलं नाही. मार्च 2020 मध्ये संजय मांजरेकरचं नाव पॅनेलमधून गेलं, जाहीर कारण शून्य. आदल्या वर्षी त्याने रवींद्र जडेजाला ‘तुकड्या-तुकड्यांचा’ खेळाडू म्हटलं होतं; ते क्रिकेटचं मत होतं, चुकीचं निघालं, आणि उपांत्य फेरीत जडेजाने 77 धावा केल्यावर मांजरेकरने ते उघडपणे मान्यही केलं. त्याच वर्षाअखेर तो सोनीवर ऑस्ट्रेलिया दौऱ्याची कॉमेंट्री करत होता, कारण तिथे करार बोर्डाचा नव्हता. इयन चॅपेलने तर 2013 मध्ये बीसीसीआयचं काम नाकारलं होतं. निवड, प्रशासन आणि डीआरएस यांवर बोलायचं नाही ही अट त्याला मान्य नव्हती.

याच्या शेजारी मार्च 2025 ठेवून बघा. हैदराबादमध्ये जोफ्रा आर्चरने चार ओव्हरमध्ये 76 धावा दिल्या, आणि हिंदी कॉमेंट्रीत हरभजन सिंगने लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या मीटरशी त्याच्या मीटरची जोड लावली. कृष्णवर्णीय गोलंदाजाबद्दल. लोकांनी कारवाईची मागणी केली. पडद्यावर माफी दिसली नाही, कारवाईची घोषणाही दिसली नाही. ज्या खेळाडूने सिडनीत वंशवादाच्या आरोपाखाली सुनावणी सोसली, त्याच्याकडून तर जास्त भान अपेक्षित होतं. मताला शिक्षा आणि वर्णावरच्या विनोदाला मोकळं रान, हा उलटा न्याय मला फार खुपतो.

प्रादेशिक फीडवर हे अधिक जपावं लागणार आहे. 2023 मध्ये जिओसिनेमाने आयपीएल मराठीत आणलं. कॉमेंट्री करता करता केदार जाधवला बंगळूरूच्या संघाने खेळायलाच बोलावून घेतलं, इतकं ते घरगुती वातावरण. त्या गप्पांच्या ढंगातच गोडी आहे. पण कट्ट्यावरचा विनोद तसाच माइकवर येतो: सावळ्या रंगावरचा, ‘बाईसारखा थ्रो’, भय्ये, मद्रासी. मुंबईत बसलेला प्रोड्युसर मराठी जाणणारा नसेल तर कुणी टोकतही नाही. निदान प्रत्येक भाषेच्या फीडवर ती भाषा आईच्या दुधासोबत शिकलेला एक तरी प्रोड्युसर हवा.

प्रेक्षकाच्या हातात काय आहे तेही सांगतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 च्या सहाव्या नियमात कार्यक्रम संहिता आहे. धर्म किंवा समाजगटावर हल्ला, स्त्रियांची अवहेलना, आणि वांशिक, भाषिक वा प्रादेशिक गटांबद्दल तुच्छतेचा सूर, तिन्हींना मनाई आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर तक्रारीचे तीन टप्पे झाले. आधी चॅनेलच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. त्याने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झालं नाही तर 15 दिवसांत चॅनेलच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील, तिला 60 दिवस. त्यानंतर केंद्र सरकारची समिती. ओटीटीवर पाहिलं असेल तर वेगळे आयटी नियम, पण पहिला टप्पा तोच, 15 दिवसांचा. चॅनेलला रेकॉर्डिंग 90 दिवस जपून ठेवावं लागतं, तेव्हा तक्रार त्याच आठवड्यात करावी. तिच्यात सामना, तारीख, घड्याळातली वेळ, डाव आणि ओव्हर, समालोचकाचं नाव, उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि टीव्ही की मोबाइल, हे सगळं लिहावं. आणि फीडची भाषा न विसरता लिहावी. ती राहिली तर चॅनेल इंग्रजी फीड तपासून ‘असं वाक्य आढळलं नाही’ असं उत्तर धाडू शकतं, आणि अपिलाचे 15 दिवस त्याच पत्रव्यवहारात निघून जातात.